सरावलीहून दिसणारे राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा याच्याशी सरावलीच्या माणसाला काय कर्तव्य, असा प्रश्न एखाद्या पुणेकर वाचकाला पडला तर त्याला बोल लावता येणार नाही. सरावली हे नावच तो बहुधा प्रथम ऐकत असेल. पालघर जिल्ह्यात बोईसरला चिकटून आमचे गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने ते केव्हाच पोटात घेतले आहे. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने इथे दाटीवाटीने उभे आहेत आणि पश्चिमेला समुद्राकाठी अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे यंत्रवेड्या माणसांचा इथे सुकाळ. अशा वस्तीत मराठी शिकवणे म्हणजे लोहारआळीत अत्तराचे दुकान मांडण्यासारखेच आहे. पण ते मी गेली कित्येक वर्षे मांडून बसलो आहे.

या मंडळींची एक सवय मला फार दिवसांपासून दिसते. निवडणूक ग्रामपंचायतीची असो, लोकसभेची असो की सातासमुद्रापलीकडची, उमेदवाराविषयी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “त्याला टेक्नॉलॉजीतलं काही कळतं का?” कळत असेल तर माणूस पसंत. जात, पात, पक्ष यांवरून मत ठरवण्यापेक्षा ही कसोटी शतपटीने बरी, हे मी आधीच कबूल करतो. परंतु ती पुरी नाही, आणि पुरी का नाही हे आमच्या तारापूरइतके चांगले दुसरे कोणतेही गाव सांगू शकणार नाही. कारण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची सही आमच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचते, हे आम्ही अनुभवलेले आहे.

हकीकत जुनी आहे. १९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. तारापूरला दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारायच्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षे पुरवायचे. २८ ऑक्टोबर १९६९ पासून या केंद्राची वीज रीतसर महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळू लागली. देशातली ही पहिली अणुवीज. चूल आमची, सरपण मात्र परक्याचे, असा हा संसार होता.

पुढे १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुस्फोट केला आणि सरपणवाल्याच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात १९७६ साल उजाडले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. एका बाजूला विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड, दुसऱ्या बाजूला जॉर्जिया राज्याचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर. आता कल्पना करा की, त्या वर्षी तारापूरच्या वसाहतीतल्या इंजिनियरांना अमेरिकेत मत देण्याचा अधिकार मिळाला असता. त्यांनी कोणाला मत दिले असते? क्षणाचाही विलंब न लावता कार्टरना! कारण अणुभट्टी आतून पाहिलेला माणूस त्या पदासाठी प्रथमच उभा होता.

‘आतून’ हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. कार्टर तरुणपणी नौदलात अधिकारी होते आणि अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडीच्या कामावर होते. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर येथे एन.आर.एक्स. नावाच्या अणुभट्टीला अपघात झाला. ती मोकळी करण्यासाठी अमेरिकन नौदलाची माणसे गेली, त्यांच्यात अठ्ठावीस वर्षांचे कार्टर होते. जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची प्रतिकृती उभारून त्यांनी कामाची तालीम केली. कारण खऱ्या भट्टीपाशी एका माणसाला जेमतेम दीड मिनिट थांबता येत होते. तेवढ्या वेळात धावत जायचे, एखाददुसरा बोल्ट काढायचा आणि परत फिरायचे. पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीत किरणोत्सर्ग सापडत होता. त्याच सुमारास ते स्केनेक्टडी या गावी अणुभट्टीचे शास्त्र शिकत होते. ते गाव जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे, म्हणजे ज्या कंपनीने तारापूरच्या भट्ट्या बांधल्या तिचेच!

आणखी एक नाते. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’मधून परिचारिका म्हणून भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात आपल्या मुंबईच्या विक्रोळीत राहिल्या. सासुरवास सोसलेल्या बाया आणि औषधाला महाग झालेले कामगार यांच्यामध्ये ही म्हातारी वावरली. ज्याच्या आईने विक्रोळीतले आजारी पाहिले आणि ज्याने स्वतः भट्टीतले बोल्ट काढले, त्याच्याहून आपल्याला जवळचा उमेदवार कोणता?

कार्टर निवडून आले. आणि १० मार्च १९७८ रोजी त्यांनी ज्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यावर सही केली, त्याच कायद्याने तारापूरच्या इंधनाची वाट अडवली. जो देश आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन नाही, असा त्याचा मथितार्थ. करार आधीचा, अट नंतरची!

यात कार्टरनी आपला विश्वासघात केला, असे पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. अणुविद्या कळत असूनही त्यांनी हे केले, असे आपण म्हणतो. मला तर वाटते की, कळत होती म्हणूनच केले. चॉक रिव्हरच्या ज्या भट्टीतले बोल्ट त्यांनी काढले, तिच्याच घडणीवर बेतलेली भट्टी कॅनडाच्या मदतीने तुर्भ्याला उभी राहिली. तिचे नाव सायरस. आणि पोखरणच्या स्फोटातले प्लुटोनियम या सायरसमधूनच आले होते. शांततेच्या कामासाठी दिलेल्या भट्टीतून काय निघू शकते हे ज्याला नेमके ठाऊक, तोच माणूस कुलूप अधिक घट्ट लावणार. अज्ञानी माणसाला अशा वेळी थापा मारता येतात, जाणत्याला येत नाहीत. सांगायचे ते इतकेच की, उमेदवाराला विषय कळतो म्हणून तो आपल्या बाजूचा निर्णय देईल, हे गणित कच्चे आहे.

बरे, त्यांनी हे लपवून ठेवले होते काय? मुळीच नाही. १३ मे १९७६ रोजी, म्हणजे मतदानाच्या जवळजवळ सहा महिने आधी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत त्यांनी अणुशक्ती याच विषयावर भाषण केले आणि आपण काय करू पाहतो ते उघड सांगितले. आमच्या काल्पनिक मतदारांनी कार्टर यांचे चरित्र वाचले असते, भाषण वाचले नसते. आता फोर्डना मत दिले असते तर सुटलो असतो का? तेही नाही. मतदानाला पाच दिवस उरले असताना फोर्ड यांनीही याच दिशेचे धोरण जाहीर केले. तारीख होती २८ ऑक्टोबर, तारापूरच्या विजेचा सातवा वाढदिवस. इतिहासाला अशा थट्टा फार आवडतात.

पुढचा भाग आणखी मौजेचा आहे. १९८० साली भारताला दुखावणे कार्टरना परवडेनासे झाले. अफगाणिस्तानात रशियन फौजा उतरल्या होत्या. जूनमध्ये त्यांनी विशेष हुकूम काढून तारापूरला ३८ टन इंधन पाठवण्याचे ठरवले. आणि आडवा आला तो त्यांचाच कायदा. त्या कायद्याप्रमाणे संसदेला हरकत घेता येत होती. कनिष्ठ सभागृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी कार्टर तरले. दोन मते! त्या दोघा सिनेटरांपैकी एकाला त्या दिवशी सर्दी झाली असती तर काय झाले असते, याचा विचार आमच्या गावातल्या कोणीही आजवर केलेला नाही.

मग रेगन आले. सिनेमानट. अणुविद्येचा गंध नाही. मात्र १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षे त्यांनी याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम सादर केला होता आणि तिच्या कारखान्याकारखान्यांतून फिरून भाषणे केली होती. म्हणजे एक अध्यक्ष त्या कंपनीच्या गावात विद्या शिकलेला आणि दुसरा तिचे गोडवे गायलेला. १९८२ च्या जुलैत इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा तोडगा निघाला : इंधन फ्रान्सने द्यावे. अमेरिकेचा कायदाही शाबूत आणि तारापूरची चूलही पेटती. विद्यार्थ्याने अडवलेले नटाने सोडवले. यावरून नटांनाच निवडून द्यावे असा निष्कर्ष कृपा करून कोणी काढू नये. आपल्याकडे तो आधीच पुष्कळांनी काढला आहे.

इंजिनियर राष्ट्राध्यक्षाचा अनुभव अमेरिकेला यापूर्वीही होता. हर्बर्ट हूव्हर हे खाणतज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवून त्यांनी नाव मिळवले होते. १९२८ साली ते प्रचंड बहुमताने आले, दुसऱ्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, आणि १९३२ साली लोकांनी त्यांना तितक्याच प्रचंड बहुमताने घरी पाठवले. तेव्हा रूझवेल्ट जिंकले. ते वकील होते.

हे सारे मला आठवायला कारण झाली माझी भाची. ती कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. अमेरिकेची नागरिक झाली आणि २०२४ साली तिने पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षासाठी मत दिले. त्या ऑक्टोबरात तिचा फोन आला. “मामा, इथे आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, मस्क ज्यांच्या बाजूला तिकडे रॉकेट आणि नवे शोध. दुसरे म्हणतात, विनोद खोसला कमलाबाईंच्या बाजूला आहेत, ते काय कमी जाणतात? कृत्रिम बुद्धिमत्तेला लगाम घालावा की मोकळी सोडावी, यावरून लोक जेवणाच्या टेबलावर भांडतात. मी काय बघू?”

तिला खरी चिंता निराळीच होती, ती तिने शेवटी सांगितली. तिचा धाकटा भाऊ इथे इंजिनियर आहे, बोईसरलाच वाढलेला. त्याला एच-वन-बी व्हिसावर तिकडे न्यायचे तिच्या मनात होते. तिच्या मताचा एक धागा असा थेट आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

मी मराठीचा माणूस. मला अल्गोरिदम कळत नाही, व्याकरण कळते. तेव्हा मी तिला व्याकरणच सांगितले. “दोघांची भाषणं घे आणि क्रियापदांखाली रेघा मार. ‘मी अमुक करीन’ हा कर्तरी प्रयोग. ‘अमुक केले जाईल’ म्हटलं की विचार, कोणाकडून? आणि ‘रोजगार निर्माण होतील’ असं वाक्य आलं तर फार सावध राहा. तिथे व्याकरणाने कर्ता ‘रोजगार’ आहे. म्हणजे ते बिचारे आपणहून जन्माला यायचे!”

ती हसली. “आणि कर्तरी प्रयोगात खोटं बोलले तर?”

प्रश्न चोख होता. तेव्हा मी दुसरी गोष्ट सांगितली : बोललेले आणि सही केलेले यांत फरक कर. ट्रंप यांचेच उदाहरण पाहा. जून २०२४ मध्ये भांडवलदार मित्रांच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात ते म्हणाले होते की, अमेरिकेत पदवी घेणाऱ्या परदेशी मुलांना पदवीबरोबर ग्रीन कार्डही मिळावे. परंतु जून २०२० मध्ये त्यांनीच सही केलेल्या घोषणेने नव्या एच-वन-बीवाल्यांना देशाचे दार बंद केले होते. एक जिभेवरचे, एक कागदावरचे. पुढे १९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांनी अशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले, तेव्हा २०२० चा कागद ज्यांनी वाचला होता त्यांना आश्चर्य वाटले नसावे. दुसऱ्या बाजूलाही कसोटी हीच. बायडन यांनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर भलामोठा हुकूम काढला. तो कायदा नव्हता, नुसती सही होती. २० जानेवारी २०२५ ला नव्या सहीने ती पुसून टाकली. कार्टर यांचा १९७८ चा कायदा मात्र संसदेने केलेला होता. त्यातून भारताला वाट काढून द्यायला २००६ चा नवा कायदा आणि २००८ चा करार व्हावा लागला. तीस वर्षे लागली. तंत्रज्ञानावर प्रेम असणाऱ्याने उमेदवाराला विचारावे : महाराज, तुम्ही सही करणार की कायदा?

भाचीने मत कोणाला दिले ते मी विचारले नाही. तिचा भाऊ अजून इथेच आहे. एक लाख डॉलरचा आकडा ऐकल्यापासून घरात तो विषय कोणी काढत नाही.

आता आपल्या घरचे. आपल्या देशात यंत्रवेड्यांच्या मनासारखी निवडणूक एकदाच झाली, २००२ साली. उमेदवार होते अग्निबाणाचे जनक डॉ. अब्दुल कलाम. मी तेव्हा एम.ए.ला होतो. बोईसर-तारापूरच्या वसाहतीत असा आनंद होता की, जणू घरातलाच मुलगा बोहल्यावर चढतो आहे. समोर होत्या आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सेहगल. त्याही शास्त्रशाखेच्याच, मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेल्या डॉक्टर. पण हे कोणाच्या लक्षातही आले नाही. १८ जुलैला निकाल लागला : कलामांना ९,२२,८८४, सेहगलबाईंना १,०७,३६६. बावीस वर्षांपूर्वी, १९८० साली, याच तारखेला कलामांच्या एस.एल.व्ही.-३ अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला होता.

कलाम मोठे होते. मुलांना त्यांनी जे दिले ते दुसऱ्या कोणत्या राष्ट्रपतींनी दिल्याचे मला ठाऊक नाही. परंतु राष्ट्रपती म्हणून त्यांची कसोटी अग्निबाणाने घेतली नाही, फॅक्सने घेतली. मे २००५ मध्ये ते मॉस्कोला असताना बिहारची विधानसभा बरखास्त करण्याचा मंत्रिमंडळाचा प्रस्ताव रातोरात तिकडे पाठवण्यात आला आणि तो सही होऊन परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. पूर्वीच्या काळी कागद मॉस्कोला पोचायला दोन दिवस लागले असते, दोन दिवसांत माणूस दोनदा विचार करतो. यंत्राने ती उसंत काढून घेतली. मात्र पुढच्याच वर्षी लाभाच्या पदाचे विधेयक त्यांनी सही न करता संसदेकडे परत पाठवले. ही हिंमत फार थोड्या राष्ट्रपतींनी दाखवली आहे. लेखणी केव्हा टेकवायची आणि केव्हा उचलायची, एवढेच त्या पदाचे तंत्रज्ञान. ते कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.

गंमत पाहा, भारताच्या राष्ट्रपतीची निवडणूक आजही यंत्रावर होत नाही. पसंतीक्रम लिहायचा असतो, आणि आपले मतदानयंत्र ते जाणत नाही. खासदार-आमदार कागदावर १, २, ३ असे आकडे घालतात. २०१७ पासून तर निवडणूक आयोग त्यांच्या हाती जांभळ्या शाईचे खास पेन देतो. तुम्हाआम्हाला मत नाही, पण अगदीच काही नाही असेही नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते, आणि तो आकडा १९७१ च्या जनगणनेतून, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या डोक्यांवरून काढलेला आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात सहा आमदार, म्हणजे एक हजार पन्नास मते. या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही. शिवसेना भाजपबरोबर असूनही २००७ साली तिने प्रतिभाताई पाटील यांना मराठी म्हणून मते दिली होती, हे वाचकांना आठवत असेल. थोडक्यात, आमदाराला सवड असते. फक्त त्याला कोणी विचारत नाही.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली. त्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. २००५ आणि २००६ साली त्यांची वीज सुरू झाली. पुनर्वसनाचे भांडण मात्र वर्षानुवर्षे चालले, न्यायालयापर्यंत गेले. किनाऱ्यावरच्या घरांतली मुले माझ्या वर्गात येतात. भट्टीविषयी त्यांना इंजिनियरांच्या मुलांइतकेच कळते, फक्त ते दुसऱ्या बाजूने कळते : कुठल्या मोसमात मासळी कुठे सरकली, कुठली वाट बंद झाली. उमेदवाराला तंत्रज्ञान कळते का, असे मी वर्गात विचारले तेव्हा इंजिनियरांची मुले उत्साहाने बोलू लागली. किनाऱ्याकडची एक मुलगी एवढेच म्हणाली, “सर, त्याला आमचं गाव नकाशावर कळतं का?”

त्या दिवशी ‘प्रयोग’ शिकवायचा होता तो बाजूला राहिला आणि आम्ही पत्रलेखन घेतले. विषय दिला : २०२७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक येईल, आपण कोणाला पहिली पसंती देणार आणि का, असे आपल्या आमदारांना विचारा. अट एकच घातली, पत्रात एकही कर्मणी वाक्य नको. निम्म्या मुलांनी मायन्यातच गुण घालवले. ‘माननीय’मधल्या पहिल्या ‘न’ला काना देऊन कोणी ‘मानानीय’ केले, कोणी ‘आपला आज्ञाधारक’ लिहिले. आमदाराचे आज्ञाधारक व्हायचे नसते, हे त्यांना समजावता समजावता तास संपत आला. त्या मुलीचे पत्र सहा ओळींचे होते. ते तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “सर, हे नुसतं तपासायला आहे, की पाकिटावर तिकीट लावायचं?”

तिकीट लाव, मी म्हणालो. पत्ता तिने वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहिला.